दाबकेकाकांची जुनी हार्ड डिस्क

दाबकेकाकांना सत्तरीत ऑनलाइन जुगाराचा नाद लागलाय, ही बातमी वर्तकनगरात मीच पसरवली. ती खोटी निघाली. काकू गेल्यापासून एकटे राहणारे काका दर रविवारी कन्सोलवर गाड्यांची शर्यत खेळतात, तीही कॅनडातल्या मुलाशी, सलिलशी. काकांच्या जुन्या हार्ड डिस्कवरून गेम उघडायला दोन मिनिटं लागतात आणि तोवर सलिल तिकडे हेडफोन लावून ताटकळतो. म्हणून त्यानं चार सेकंदांत गेम उघडणारी एसएसडी पाठवली. सहा महिने झाले, ती खोक्यातच आहे.

"काका, बसवून देऊ? का मुहूर्त बघताय?" मी डिवचलं.

"राहू दे रे. शर्यत सुरू झाली की तो फक्त 'बाबा, ब्रेक' म्हणतो. जेवलात का, हे गेम उघडेपर्यंतच विचारतो."