घरगाडीतली तहान

मुर्री गावच्या धनवंता रहांगडालेची ओळख करून द्यायची, तर आधी तिच्या खळ्यातली गाडी दाखवावी लागते. एका अंगाला धानाच्या तणसाचा ढीग, दुसऱ्या अंगाला हापशी, आणि मधोमध निळ्या रंगाची जुनी मॅटाडोर. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. गावात तिला घरगाडी म्हणतात. धनवंताचा नवरा छोटेलाल यानं ती आपल्या हातानं घडवली होती. आत फळ्यांचा पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायचं भांडं आणि त्यावर नळ; असाच एक नळ गाडीच्या बाहेरच्या अंगाला. पलंगाखाली पाण्याची टाकी, आणि टाकीतलं पाणी नळापर्यंत ढकलणारी बॅटरीवरची एक मोटर, बटण चालू ठेवलं की नळ उघडताच चालणारी. टपावर सौर पाटी होती. ऊन पडलं की बॅटरी आपोआप भरायची. नागझिऱ्यात पाखरं पाहायला येणारी शहरातली माणसं ही गाडी भाड्यानं घेत आणि जंगलाच्या फाटकाजवळ तिच्यातच मुक्काम करत.

पावसाळ्यात जंगल बंद, म्हणून गाडीही बंद. मृगाच्या आधी टाकी रिकामी करायची, आणि दसरा जवळ आला की गाडीला पुन्हा जागं करायचं. हे काम नवराबायको मिळून करत. छोटेलाल गाडीखाली उताणा पडून नळ्या तपासायचा. धनवंता आत नळाशी उभी राहायची. टाकीत ब्लिचिंग पावडरचं पाणी ओतलं की त्याचा वास नळातून येईपर्यंत ती नाक लावून थांबायची, आणि वास आला की पायानं गाडीचा तळ ठोकायची. खालून छोटेलाल उलट ठोकायचा. एक रात्र ते पाणी टाकीत मुरू द्यायचं, मग धूत राहायचं, वास पुरता जाईपर्यंत.

सन दोन हजार नऊचा मे महिना होता. छोटेलाल नागझिऱ्याहून दुपारी परतला. पुढच्या मुक्कामासाठी त्यानं हापशीवरून टाकी काठोकाठ भरली, मोटरचं बटण चालू केलं आणि गाडीतच पलंगावर आडवा झाला.

"धनवंता, पाणी आण वो."

ती अंगणात आंब्याच्या फोडी वाळत घालत होती. "आणतो," तिकडच्या बायका बोलतात तसं ती म्हणाली. उरलेल्या फोडी पसरून, हात धुऊन, ती गडवा घेऊन गेली, तेव्हा छोटेलालचे डोळे उघडे होते आणि ओठ कोरडे. पाठीखाली टाकीभर पाणी होतं, आणि माणूस तहानलेला गेला.

माणूस जिथं गेला तिथं दहा दिवस पाण्याचा गडवा ठेवायचा, ही त्यांच्या घरची रीत. धनवंतानं गाडीत गडवा ठेवला. दहाव्यानंतर सगळ्यांनी म्हटलं, आता उचल. तिनं उचलला. पण टाकी रिकामी केली नाही. त्यानं चालू केलेलं बटण बंद केलं नाही. पलंगावर एक चादर पसरली आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर कधीतरी, ऐन दुपारी, ती तणस उचलायला खळ्यात गेली. वारा पडलेला. कोंबड्याही गप्प. आणि बंद गाडीतून आवाज आला, गुर्र. थोडा वेळ काही नाही. पुन्हा गुर्र. मोटर चालली होती. नळ उघडायला आत कोणी नव्हतं. छोटेलाल जंगलातून परतायचा आणि पहिलं पाणी प्यायचा, त्याच वेळेची ती दुपार होती.

धनवंता भ्याली नाही. तणस तिथंच टाकून ती गाडीला पाठ लावून बसली आणि आवाज पुरता थांबेपर्यंत उठली नाही.

मग हे रोजचं झालं. पावसाची झड लागली की गाडी मुकी. उघडीप पडली, ऊन तापलं, की दुपारी गुर्र. शेजारची मंदाबाई कुंपणावरून ऐकायची.

"तुयावाला बुढा लय पाणी पेते वो बाई," ती एकदा म्हणाली. "जिता होता तवा तर पाण्याशी दुश्मनी होती त्याची."

"तू गप राय वो," धनवंता म्हणाली, पण हसली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. मंदाबाईनं मात्र दुसऱ्या दिवसापासून त्या कुंपणाशी येणं सोडलं.

पोळा झाला, गणपती गेले. धाकटा दीर मुन्नालाल ट्रकवर होता. तो सुट्टीवर आला आणि अंगणात उभ्याउभ्याच बोलला.

"वयनी, नागपूरची पार्टी फोन करून राहिली. फाटक उघडलं का त्याइले गाडी पायजे. तू पाणी साफ करून दे, मी ट्रक सोडतो, गाडी चालवतो. नाई तर भंगारवाल्याले बलावतो. उभी गाडी सडून राहिली."

"टाकीले हात लावाचा नाई, मुन्नाभाऊ."

"काऊन? चार महिन्याचं सडेल पाणी लोकाइले पाजशील का?"

गाडी राखायची तर टाकी उपसावी लागणार. टाकी उपसली तर छोटेलालनं भरलेलं पाणी जाणार, आणि तो पुन्हा तहानलेला राहणार. नाही उपसली, तर गाडीच जाणार, त्याच्यासकट. ती रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी तिनं यादोरावला निरोप धाडला.

यादोराव बौद्ध वस्तीतला, मोटरी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणारा. हा माणूस कमी बोले आणि जे बोले ते खरं बोले. तो आला, गाडीचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबला. बंद गाडीचा कुबट वास येईल म्हणून त्यानं तोंडाला दुपट्टा धरला होता. तो त्यानं हळूच खाली घेतला. आत ओल्या बांधीचा, धानाच्या शेताचा वास होता, रोवणीच्या दिवसांतला.

"भूत नाई जी हे," तो म्हणाला. "नळ उघडला का नळीतला दाब कमी होते, मंग मोटर आपोआप चालते. नळ बंद असून चालते, म्हंजे पाणी कुठून तरी निघून राहिलं. गळती आहे."

"निघते तं जाते कुठं?" धनवंतानं विचारलं. "येवढ्या दिवसात खाली थेंब नाई दिसला मले."

यादोरावनं टाकीचा जोड चाचपला, कोरडा. मोटर कोरडी. भांड्याखालची नळी कोरडी. तो गाडीखाली शिरून आला, तिथंही काही नाही. तेवढ्यात ऊन माथ्यावर आलं. त्याचा हात मोटरवरच होता. मोटर हाताखाली थरारली, गुर्र, आणि निजली. त्या शांततेत दोघांनाही ऐकू आलं. टप. आवाज पलंगाच्या उशाकडून आला होता.

बाहेरच्या नळाकडे जाणारी नळी तिथं फळीच्या फटीतून, उशाच्या वरून गेली होती.

"चादर काढा लागन, धनवंताबाई."

"थांबा. मी काढतो."

तिनं कोपरा धरून चादर मागं घेतली. छोटेलालला कापसाची उशी चालत नसे, डोकं तापतं म्हणायचा. धनवंता त्याला धानाच्या पोचटाची, पोकळ दाण्यांची उशी शिवून द्यायची. पोचट पाखडताना भरलेले दाणे थोडेफार राहतातच. ते रुजले होते. उशीच्या कापडातून लांबच लांब, पांढुरके, रक्त नसल्यासारखे कोंब वर आले होते, दाटीनं, आणि सगळे आत झुकलेले. मधल्या खळग्यात मात्र एकही कोंब नव्हता. डोकं टेकतं तेवढीच जागा मोकळी होती.

वरून थेंब सुटला. खळग्यात पडला. दिसेनासा झाला.

यादोरावनं पिशवीतून पान्हा काढला. "हा जोड ढिल्ला झाला. आवळला का थेंब बंद."

"म्हंजे त्याइचं पाणी बंद."

"आमी हे मानत नाई, बाई."

"तुमी नका मानू. पण पाणी मांगलं होतं त्याइनं. मी फोडी पसरवून राहिलो होतो." तिचा आवाज हलला नाही. "जोड आवळू नका. सोडा."

"सोडू?"

"पुरा सोडा. टाकीतलं सारं पेऊ द्या. पोटभर. मंग आवळा, मंग धुवा, मंग गाडी न्या कुठं न्याची तं."

यादोरावनं तिच्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, आणि जोड सोडला. मोटर सुरू झाली. या खेपेला थांबली नाही. पाण्याची धार उशीच्या खळग्यात पडत राहिली. धनवंता उशाशी बसली आणि तिनं एक हात कोंबांच्या वर धरला, तापलेल्या कपाळावर धरावा तसा. धार पडत होती आणि कोंब हलत होते, बोलणाऱ्या माणसाचे ओठ हलावे तसे. बाहेर उन्हात खळं पांढरं पडलं होतं. एकही पाखरू बोलत नव्हतं. टाकी संपायला हवी होती तेव्हा संपली नाही. यादोरावनं एकदा वाकून पाहिलं, आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

शेवटी मोटरचा सूर फाटला. ती कोरडी घरघरू लागली. धार थेंबांवर आली, आणि थेंबही थांबले. यादोरावचा हात बटणाकडे गेला, पण धनवंतानं त्याला अडवलं. त्या बटणाला छोटेलालच्या नंतर कोणाचं बोट लागलं नव्हतं. तिनं ते स्वतः बंद केलं.

यादोराव उतरला आणि किती चिखल झाला ते पाहायला गाडीखाली शिरला. टाकीभर पाणी पलंगावर ओतलं होतं. पलंगाच्या आणि तळाच्या फळ्यांना बोटबोट फटी होत्या. खाली माती कोरडी होती. धुळीत मुंग्यांची रांग चालली होती, तिचं एक पाऊलही भिजलेलं नव्हतं. त्यानं तळाच्या फळ्यांना हात लावला. कोरड्या, उन्हानं कोमट.

वरून धनवंतानं विचारलं, "खाली लय चिखल झाला असन न जी?"

तो तिथंच उताणा पडून राहिला. यादोराव खोटं बोलत नसे, आणि कोणाला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही.

"नाई," तो म्हणाला. मग कोरड्या फळीवरून पुन्हा हात फिरवत, "पेलं त्याइनं. सारं पेलं."

मग गाडी किंचित हलली, कोणी तरी अंग टाकून बसलं असावं तशी, आणि धनवंताचा आवाज आला, मोकळा, घाईचा.

"मंग पडून काऊन राहिले जी? बादली आणा. ब्लिचिंग कालवा. मुन्नाभाऊले सांगतो मी, पार्टीले हो म्हण म्हणून."