आईच्या मुठीतलं लिंबू

लिंबाच्या सालीचा वास आला की अजूनही माझं हातातलं काम थांबतं.

आईचा आणि माझा तो पहिला विमानप्रवास, नाशिकहून हैदराबादला. बसने रात्र जायची, विमानाला सव्वा तास. एसटीने जाताना पेठच्या घाटात मळमळू नये म्हणून आई हुंगायची तसलंच लिंबू तिच्या मुठीत होतं.

तासाभरातच विमान खाली झुकलं. कानांना दडे बसले.

"येवढ्यात हैदराबाद कसं येईल? पडतंय गं हे," आई पुटपुटली. मलाही ते खरंच वाटलं.

तिने लिंबू माझ्या नाकाशी धरलं. "हुंग. तुला त्रास नको."

चाकं टेकल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. आता आई नाही आणि मला हसूही येत नाही. तेव्हा विमान पडायची वाट बघत ती स्वतः लिंबाशिवाय बसली होती.