टॉवर तिकडे, चित्र इकडे

बॉक्सवाल्या ताईंना आपल्या कामाचा भारी अभिमान होता आणि तो लपवण्याची गरज त्यांना कधी वाटली नाही. सव्वीस वर्षं त्यांनी एकाच केबल टीव्ही कंपनीत काढली होती. लोकांच्या घरी बॉक्स बसवायचे, वायरी ओढायच्या, भिंतीला भोक पाडायचं आणि पडलेला चुरा स्वतःच झाडून घ्यायचा. कंपनीतल्या पोरसवदा साहेबांना जी तक्रार तीन फेऱ्यांत सापडत नसे, ती ताई दारात चप्पल काढता काढता ओळखत. आणि निघताना दर घरी एक वाक्य छाती ठोकून म्हणत, "तीनशे बारा चॅनल आहेत. यात दिसत नाही असं काही नाही." ग्राहक मान डोलवून सही करत.

हे वाक्य खोटं ठरवणारा माणूस त्यांच्याच घरात निघाला. तो त्यांचा थोरला भाऊ, दादा.

दादा सहासष्ट वर्षांचे, जन्मापासून बहिरे, पेशाने शिंपी. लग्न केलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटे राहत आणि झकास राहत. दोन महिन्यांपूर्वी ते स्वयंपाकघरात घसरून पडले, घोटा मोडला. दीड दिवस फरशीवर पडून होते, फोन दुसऱ्या खोलीत. कपडे न्यायला आलेले लोक दार वाजवून वाजवून परत गेले. दादांना ते ऐकू आलं नाही आणि दादांना हाक मारता आली नाही. रविवारी ताई आपल्या किल्लीने दार उघडून आत गेल्या, आणि त्यांनी जे पाहिलं त्याने त्यांची झोपच उडाली. त्याच दिवशी त्यांनी ठरवून टाकलं, दादा आता आपल्याकडेच राहणार. दादांना तेवढं कोणी विचारलं नाही. पाय बरा होईपर्यंत, असं त्यांना सांगितलं होतं.

पाय बरा झाला. गुरुवारी जेवणं आटोपल्यावर दादांनी खुणेने सांगितलं, "रविवारी सकाळी मी जातो."

ताईंचे हात भराभर चालू लागले. "का? जेवण आवडत नाही? पलंग टोचतो? हे घोरतात त्याचा त्रास होतो?" शेवटच्या खुणेला ताईंच्या नवऱ्याने हरकत घेतली. दादांना घोरण्याचा त्रास कसा होईल, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता.

दादांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. रोज संध्याकाळी सहा वाजता, शहरातल्या टीव्ही स्टेशनच्या दुसऱ्या चॅनलवर, अर्धा तास खुणांच्या भाषेतल्या बातम्या लागत. दादांच्या घरी खिडकीत वीतभर अँटेना होता, त्यावर त्या स्वच्छ दिसत. ताईंच्या घरी तीनशे बारा चॅनल होते आणि त्यांत हा नव्हता. ताईंनी लगेच ऑफिसात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "तो चॅनल आपण घेतच नाही, ताई. तो फक्त हवेतून येतो." ताईंनी फोन आपटला.

दादांनी हात पुढे केले आणि सावकाश, एकेक खूण सुटी करून सांगितलं, "इथे तीनशे बारा माणसं नुसती तोंडं हलवतात. तिथे एकच बाई आहे, पण ती माझ्याशी बोलते."

यावर रडणारी बाई रडली असती. ताईंनी बाह्या सरसावल्या. "एवढंच ना? शनिवारी सहाच्या आत ती बाई या भिंतीवर आणून बसवते. नाही बसवली तर खुशाल जा."

शनिवारी दुपारी त्या बाजारातल्या जुन्या दुकानात गेल्या. दुकानदार ओळखीचा. "ताई, तुम्ही आणि अँटेना? कंपनीला कळलं तर?"

"कंपनी पगार देते, डोळ्यांवर पट्टी नाही बांधत. तो मोठा काढ वरचा."

अँटेना घरात शिरताच नवऱ्याचा चेहरा पडला. तो छापखान्यातून निवृत्त झालेला, स्वभावाने गरीब, पण मॅचच्या बाबतीत कोणाचं ऐकत नसे. "अगं, म्हणजे माझी मॅच गेली?"

"काही जात नाही. बॉक्सची वायर बॉक्सच्या जागी, अँटेनाची अँटेनाच्या जागी. रिमोटवरचं एक बटण दाबायचं की हे, पुन्हा दाबलं की ते. एका टीव्हीवर दोन्ही सुखाने नांदतील. आपण नाही का नांदत?"

"आपण सुखाने नांदतो?" नवरा म्हणाला, पण तोवर ताई जिना चढत होत्या.

इमारत काटकोनी होती. एका बाजूला चौथ्या मजल्यावर ताईंचं घर, आणि त्यांच्या हॉलच्या खिडकीतून दुसऱ्या बाजूची गच्ची तिरकी दिसे. स्टेशनचा टॉवर शहराच्या पूर्वेला होता, म्हणून ताईंनी त्याच गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात लोखंडी पाइप उभा केला. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी हात मागे बांधून हजर झाले. "ताई, गच्चीवर डिशची छत्री लावायची नाही असा ठराव आहे."

"ही छत्री दिसते तुम्हाला?"

सेक्रेटरींनी अँटेना खालून-वरून न्याहाळला. ती छत्री नव्हती हे त्यांना मान्य करावं लागलं. ताईंनी पुढचा ठराव आठवायला त्यांना वेळच दिला नाही. "आलाच आहात तर जिन्याच्या तोंडाशी उभे राहा. हे खालून ओरडतील ते मला सांगायचं."

अशी साखळी लागली. टीव्हीसमोर नवरा, जिन्यात सेक्रेटरी, गच्चीवर ताई. ताईंनी अँटेना बरोब्बर टॉवरच्या दिशेने रोखला.

"आलं का?"

"आलं का?" सेक्रेटरी खाली ओरडले.

"नुसते चौकोन दिसतायत!" नवरा ओरडला.

"नुसते चौघं दिसतायत!" सेक्रेटरींनी वर पोचवलं.

"कोण चौघं?"

"चौघं कोण, विचारतायत!"

नवऱ्याला वाटलं दाराशी कोणी आलंय. तो दार उघडायला गेला आणि तेवढ्या वेळात टीव्हीवर काय दिसलं ते कोणालाच कळलं नाही. तासभर हा गोंधळ चालला. अँटेना बोटभर इकडे, बोटभर तिकडे, पाइप वर, पाइप खाली. चित्र क्षणभर यायचं आणि फुटायचं. ताईंच्या कंपनीचं मीटर केबलच्या कामाचं, हवेतल्या सिग्नलपुढे त्याचा काही उपयोग नव्हता. पूर्वेला, टॉवर आणि गच्ची यांच्या मधोमध, गेल्या वर्षीच एक बावीस मजली इमारत उभी राहिली होती. ताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने लाजून बाजूला व्हावं. ती काही हलली नाही. साडेपाच वाजत आले होते.

इतका वेळ दादा हॉलमध्ये गप्प बसून होते. मेव्हण्याची धावपळ बघत होते, टीव्ही बघत होते, खिडकीतून गच्ची बघत होते. आता ते उठले. त्यांनी टीव्ही फिरवून खिडकीकडे केला, खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली आणि खिडकीत उभं राहून दोन्ही हात वर केले. ताईंचं लक्ष गेलं. दादांनी हनुवटीवर बोट टेकवलं. ताईंच्या हनुवटीवर तीळ होता आणि दादांच्या भाषेत ताईंचं नाव तेवढंच होतं.

"त्या दोघांना सुट्टी दे," दादांनी खूण केली. "मी सांगतो."

मग खरं काम सुरू झालं. ताई फिरवत आणि थांबत, दादा टीव्हीकडे बघून हात हलवत. ओरडणं नाही, चौकोन नाही, चौघं नाहीत. चाळीस हात अंतरावरून दोघं भावंडं झरझर बोलत होती, आणि साखळीतून काढून टाकलेले सेक्रेटरी तोंड उघडं टाकून बघत होते.

"उलट फिरव," दादांची खूण आली.

"कुठे?"

"उलट. पश्चिमेला."

ताईंनी कपाळावर हात मारला. सव्वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईला एक शिंपी दिशा शिकवत होता. त्यांनी पूर्वेला हात करून ठणकावलं, "टॉवर तिकडे आहे!"

दादांनी टीव्हीवर थाप मारली आणि पश्चिमेला बोट दाखवलं. "चित्र इकडे आहे! मघाशी तू पाइपचा स्क्रू आवळत होतीस, तेव्हा अँटेनाची पाठ टॉवरला होती. तेव्हा चित्र आलं होतं. चांगलं दोन श्वास टिकलं. तुझा नवरा दारात गेला होता, त्याने पाहिलं नाही. मी पाहिलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कोण बघत होतं माझ्याकडे?"

या भावाकडे कोणी बघत नाही हे ताईंना पन्नास वर्षं माहीत होतं, पण बघत नसणाऱ्यांत आपणही आहोत हे त्यांनी धरलं नव्हतं. त्यांना स्वतःचा मनस्वी राग आला. त्यांनी तो पाइपवर काढला, आवळलेला स्क्रू एका झटक्यात सैल केला आणि अँटेना टॉवरकडे पाठ करून फिरवला. समोर, पश्चिमेला, बँकेची काचेची उंच भिंत आरशासारखी उभी होती. बावीस मजल्यांच्या बाजूने निसटलेला सिग्नल त्या काचेवर आपटून परत येत होता. ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतकी साधी गोष्ट, आणि आपण तासभर टॉवरची पूजा करत बसलो!

"अजून थोडं," दादांचा हात म्हणत होता. "थोडं. थोडं. परत. बस!"

दोन्ही तळवे ताठ पुढे आले आणि तसेच राहिले. ताईंनी श्वास रोखून स्क्रू आवळला. तळवे हलले नाहीत. मग दादा खिडकीतच नाचले. सहासष्ट वर्षांचा माणूस, नुकताच बरा झालेला घोटा, आणि नाच! ताई गच्चीवरून शिव्या घालत होत्या आणि हसत होत्या.

सहाला दोन मिनिटं कमी असताना त्या धापा टाकत घरात शिरल्या. टीव्हीवर निळ्या सदऱ्यातली एक बाई आली, तिने हात जोडले आणि बोलायला लागली. ताई दादांच्या शेजारी ऐटीत बसल्या. खुणांच्या भाषेत त्यांचा हात कोण धरणार? त्या तर तीन वर्षांच्या असल्यापासून ही भाषा बोलत होत्या.

पण एक मिनिट गेलं, दोन गेली, आणि ताईंना काही म्हणता काही कळेना. 'पाणी' कळलं. 'रस्ता' कळलासा वाटला. बाकी ते हात वाऱ्यासारखे डोळ्यांपुढून निघून जात होते. ताईंना येत होत्या त्या घरच्या खुणा, आईने भाजी निवडता निवडता बनवलेल्या, फार तर दोन-तीनशे. दादांची खरी भाषा ही होती. ती ते बहिऱ्यांच्या शाळेत शिकले होते, आपल्या दोस्तांत बोलत होते, आणि घरी आले की बहिणीला झेपेल एवढंच बोलत होते.

"काय म्हणतेय गं?" नवऱ्याने विचारलं.

"थांबा, मलाच कळत नाहीये," ताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं नवऱ्याने लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

ताईंनी दादांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "काय सांगतेय ती?"

दादांनी ताईंकडे वळून पाहिलं. आजवर प्रत्येक समारंभात, प्रत्येक दवाखान्यात, जेवणाच्या प्रत्येक पंगतीत हा प्रश्न ते विचारत आले होते. आज तो त्यांना कोणीतरी विचारत होतं. ते खुर्चीत सरळ झाले. एक डोळा टीव्हीवर ठेवून ते घरच्या खुणांत, सोपं करून, सांगू लागले. नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी आठ दिवस बंद. शाळांना नवे बाक. कुठेतरी एक हत्ती प्राणिसंग्रहालयातून निघून थेट न्हाव्याच्या दुकानात शिरला. हत्ती त्यांनी असा काही करून दाखवला की ताई हसून हसून कोलमडल्या. त्या ते नवऱ्याला सांगू लागल्या, आणि पलीकडच्या चॅनलवर मॅच सुरू झालेली असूनही नवऱ्याने रिमोटला हात लावला नाही.

साडेसहाला त्या बाईने निरोप घेतला. दादा बराच वेळ फोनवर काहीतरी टाइप करत राहिले. मग त्यांनी मान वर केली. "उद्या सहा जण येतील, माझे दोस्त. त्यांच्याकडे हे लागत नाही. जिन्याला कठडा आहे ते मी कळवलंय, एकाचा गुडघा दुखतो. आपल्याकडे खुर्च्या किती?"

ताईंच्या तोंडावर आलं होतं, कोण सहा, कोणाला विचारून बोलावलंस? दोन महिने हा माणूस या घरात पाण्याचा ग्लास घ्यायचा तरी आधी विचारत होता. आज त्याने विचारलं नव्हतं. आणि उद्या रविवार होता, त्याच्या जाण्याचा दिवस.

"चार आहेत," ताईंनी खुणेने सांगितलं. मग डोळे पुसले आणि सेक्रेटरींच्या घरून पाच खुर्च्या मागून आणायला नवऱ्याला पिटाळलं.