गिव्ह अपची गादी
कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायचा वास आला की मला इंग्रजी आठवतं. शाळा मी बाहेरूनच बघितली, पण 'अपडाउन' मला पक्कं ठाऊक, कारण माझी पोरगी नर्सिंग शिकायला चोपड्याहून जळगावला रोज एस्टीनं अपडाउन करायची. एका संध्याकाळी मी भरताची वांगी भाजत होतो आणि ती ओट्यावर बसून फोनवर मैत्रिणीला रडवेली होऊन सांगत होती, "नाही जमत गं आता. मी गिव्ह अप करते." मी डोकं चालवलं, तिथंच घोळ झाला. गिव्ह म्हणजे देणं, अप म्हणजे जाणं. म्हणजे पोरीला नुसतं 'अप' पाहिजे, 'डाउन' बंद! मैत्रीण तिला जळगावातल्या मेहरूणच्या खोलीवर राहायला कधीची बोलावतच होती. सकाळी मी तिची गादी, कपडे, लोणच्याची बरणी, सगळं शेजाऱ्याच्या केळीच्या टेम्पोवर बांधून टाकलं. ती डोळे चोळत बाहेर आली. "आबा, हाई काय शे?" "तूच बोलली ना, गिव्ह अप! आता तिथंच राहा, शिकूनच ये. भरीत मी पाठवत जाईन." ती आधी हसली, मग रडली, आणि टेम्पोत बसली. मी शेजाऱ्याला म्हटलं, "बापाला इंग्रजी येतं म्हणून भरून आलं तिला." आता ती धुळ्याला नर्स आहे. परवा घरी भरीत खाताना म्हणाली, "आबा, गिव्ह अप म्हणजे सोडून देणं." माझा घास हातातच राहिला. "मग तेव्हाच का नाही सांगितलं?" "कशी सांगणार? गादी टेम्पोवर चढली होती ना!"