फलकावरचं बाळ

कडूमावशीचं खरं नाव चर्चच्या वहीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या जिभेवर कधी साखर पडली नाही, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. कामाने मात्र ती सगळ्यांच्या जिभेपर्यंत पोचायची. चर्चच्या मिस्सेत प्रसाद म्हणून जिभेवर ठेवतात त्या पातळ, पांढऱ्या चकत्या, म्हणजे ओस्त्या, तीच भाजत असे. पीठ आणि पाणी, तिसरं काही नाही. क्रूस कोरलेल्या दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये पळीभर मिश्रण दाबायचं, कागदासारखा पापुद्रा सोडवायचा, दमट फडक्यात मऊ करायचा आणि मग गोल छापाने कापायचा. घाई केली की हातात चुराच.

गर्भपाताच्या कायद्याचा तिला मनस्वी संताप होता. ‘पोटातलं लेकरू ते लेकरूच. सरकारने शिक्का मारला म्हणून त्याचं गाठोडं होत नाही,’ असं ती येईल त्याला ऐकवायची. दर शनिवारी इस्पितळाच्या फाटकाशी जीवनरक्षक मंडळाच्या बायका जपमाळ घेऊन उभ्या राहत, त्यात तीही असे.

तिथेच एका शनिवारी चपलांच्या दुकानात काम करणारी एक पोरगी आली. लग्न झालेलं नव्हतं, आणि ज्याने शब्द दिला होता तो गाव सोडून पसार झाला होता. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तिचा हात धरला. ‘घाबरू नकोस, बाळ. मागे फिर. आम्ही सगळ्या तुझ्या पाठीशी आहोत.’ पोरगी हुंदके देत मागे फिरली. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या.

बापाला कळलं तसं त्याने तिला घराबाहेर काढलं. ती सरळ अध्यक्षबाईंच्या दारात गेली. घराचा वरचा मजला रिकामाच होता, पण बाईंनी उंबऱ्यावरच तिच्या हातात एक पत्रक ठेवलं. मुलाचं लग्न जमवतोय, घरात अशी मुलगी दिसली तर लोक काय म्हणतील? प्रार्थना मात्र रोज करू हो! मंडळातल्या दुसऱ्या बाईकडे पाहुणे होते, तिसरीकडे रंगकाम. पाठीशी सगळ्याच होत्या, पुढे यायला कुणी नव्हती.

रविवारी कडूमावशीला ती चर्चच्या शेवटच्या बाकावर दिसली.

‘झोपतेस कुठे?’

‘दुकानाच्या गोदामात. खोक्यांच्या मध्ये.’

‘ऊठ. चल.’

एवढंच आमंत्रण. मावशीची खोली एकच, खाट एकच. खाट पोरीला मिळाली आणि मावशी जमिनीवर, भट्टीच्या बाजूला. तेही गोड बोलून नाही. ‘तोंड वाकडं करू नकोस, मला उकाडा आवडतो,’ असं दटावून. पोरीचा हात हलका होता. चार दिवसांत ती छापाने कापायला शिकली.

पोट दिसू लागलं तशा अध्यक्षबाई फादरना पुढे घालून आल्या.

‘मावशी, तुम्हाला समजायला हवं,’ बाई म्हणाल्या, ‘पवित्र वस्तू आहे. तिला कुणाचे हात लागतात ते लोक बघतात.’

‘माझे लागतात ते चालतात? ते कसे आहेत हे माझ्या नवऱ्याला विचारायला हवं होतं, पण तो मरून सुटला बिचारा.’

फादर खोकले. ‘प्रश्न आदर्शाचा आहे. तरुण मुली बघतात...’

‘बघू देत की, फादर. पोर ठेवलं तर मंडळ दार लावून घेतं, हे बघतील आणि पुढच्या वेळी फाटकातून आत जातील. मग पाप कुणाच्या खात्यावर?’

‘तिला काढा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल,’ बाईंनी सरळच सांगितलं.

‘जाऊ दे. दार ओढून घ्या, वाफ जातेय.’

काम गेलं. ओस्त्या परगावच्या कारखान्यातून पिशवीबंद येऊ लागल्या. मावशीने बिनक्रुसाच्या पाट्या आणल्या, मिश्रणात साखर घातली आणि आइस्क्रीमच्या गाड्यांना वेफर पुरवू लागली. पैसे निम्मेही सुटत नव्हते. बाळंतपण झालं, मुलगा झाला, आणि मावशीचे गुडघे जमिनीवर झोपून पार गेले.

मग एके दुपारी अध्यक्षबाई हसत आल्या. सोबत फोटोग्राफर. मंडळाचा मोठा मोर्चा निघायचा होता, फलकावर वाचवलेल्या बाळाचा फोटो हवा होता. ‘आणि मावशी, झालं गेलं विसरा. पुढच्या महिन्यापासून काम पुन्हा तुमचंच.’

मावशीने नकळत गुडघे चोळले. पोरगी तिच्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘देऊ या ना, मावशी. फोटोच तर आहे. तुम्ही खाटेवर तरी झोपाल.’

‘लेकरू तुझं. तू ठरव.’

बाईंनी बाळ मांडीवर घेतलं, मान नीट धरता येईना. फोटोग्राफरने फलकाचा नमुना उलगडला. पोरीने तो वाचला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘आईने नाकारलं, मंडळाने वाचवलं.’

तिने बाईंच्या मांडीवरून बाळ उचललं.

‘अगं, सगळ्यांसाठी लिहिलंय ते, तुझ्यावर थोडंच आहे!’

‘मी नाकारलं नाही. नाकारलं ते तुमच्या उंबऱ्यावर.’

बाईंनी मावशीकडे पाहिलं. ‘हीच का तुमची शिकवण?’

‘माझी कुठली? मी असते तर चार शिव्या जास्त घातल्या असत्या.’

मोर्चा निघाला. फलकावर कुठल्याशा कॅलेंडरातलं गुबगुबीत बाळ होतं. काम काही परत आलं नाही.

मावशी मात्र शनिवारी अजून फाटकाशी जाते, मंडळापासून दहा हात लांब, वेफरच्या रिकाम्या पेटीवर बसून. कायद्याला ती पूर्वीइतक्याच शिव्या घालते. पण आत जायला निघालेल्या बाईला ती आधी पाप-पुण्य सांगत नाही. विचारते, ‘राहायला जागा आहे?’ आणि ती नाही म्हणाली, की अध्यक्षबाईंकडे बोट करून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडते, ‘ह्यांचा वरचा मजला रिकामा आहे! पत्ता मी देते!’