समोरच्या बाईंची तैवानची पुस्तकं

तैवानबद्दल काय वाचावं, असं मला कोणी विचारत नाही. विचारलं तर मी क्रमासकट सांगू शकेन. आधी तिथल्या बाजारांचं, देवळांचं आणि स्वयंपाकघरांचं पुस्तक वाचावं, मग जपानी अंमलाचं, आणि लष्करी कायद्याच्या काळाचं अगदी शेवटी. हा क्रम माझा नव्हे. कॅनडातल्या मिल्टनमध्ये आमच्या समोरच्या घरात मुलीकडे राहणाऱ्या बाईंचा आहे. त्या तैवानमध्ये शाळेत इतिहास शिकवायच्या. आधी माणसं ओळखीची होऊ द्यावीत, मग त्यांचं काय केलं गेलं ते वाचावं, असं त्यांचं म्हणणं.

नवरा गेल्यावर लंडनचं घर विकून मी इथे मुलाकडे आले. सगळी घरं एकसारखी, दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नाही. सकाळी नातीला स्कूल बसपाशी सोडायला जायचे, तिथे या बाई त्यांच्या नातवाला घेऊन उभ्या असायच्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, तुम्ही चायनीज ना? त्यांनी मला चांगलंच झापलं. मला मात्र ते आवडलं. मराठीला कोणी 'तुमची हिंदी' म्हटलं की माझंही डोकं फिरतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात पहिलं पुस्तक ठेवलं, इंग्रजीतलं.

मग ती शिकवणीच सुरू झाली. एक पुस्तक संपलं की बसपाशी तोंडी परीक्षा, पास झाले तरच पुढचं. आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये डॉक्टरकी केलेली मी, या वयात थंडीत कुडकुडत उत्तरं देत उभी राहायचे. घरची भाषा बोलल्याबद्दल तिथल्या शाळांत पोरांना शिक्षा व्हायची, हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. जेवताना मुलाला सांगितलं, तर तो 'नाइस, आई' म्हणाला आणि फोन बघू लागला. आमच्या घरी शिक्षेची गरजच पडली नाही. नात आपण होऊनच इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि बेसमेंटमधल्या माझ्या मराठी पुस्तकांच्या खोक्यांना माझ्यानंतर कोणी हात लावणार नाही. बाईंच्या घरातही तेच होतं. त्यांची मुलगी भली आहे, पण ही पुस्तकं तिने कधी उघडली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला सांगितलं की त्यांची स्मरणशक्ती जाते आहे, डॉक्टरांनी तसं स्पष्टच म्हटलंय. त्याच सकाळी शेवटचं पुस्तक दिलं, लष्करी कायद्याच्या काळाचं. त्यांचं स्वतःचं, पानं सुटायला आलेलं.

"माझा मोठा भाऊ होता," त्या म्हणाल्या. "कॉलेजात असताना त्याला घेऊन गेले. तो परत आला नाही. आईने त्याचे फोटो जाळले आणि घरात त्याचं नाव बंद केलं. मुलीलाही मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला सगळं सांगणार आहे."

मी म्हटलं, मग आत्ताच सांगा. तर नाही. आधी पुस्तक पूर्ण करून या, नाहीतर ऐकून तुम्हाला काही समजणार नाही. त्या मास्तरकीचा मला अजून राग येतो. आठवणी गळून चालल्या होत्या आणि बाईंना क्रम मोडवत नव्हता.

मी ते झपाटल्यासारखं वाचलं. त्या काळी तिथली मुलं सरकारला नको असलेली पुस्तकं जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून वाचायची, असं त्यात एका ठिकाणी होतं. मला आपली गंमत वाटली, की चला, तिकडेही पुस्तकांना कव्हरं घालतात. मग मीही घातलं. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालायचो तसं, ग्रोसरीच्या तपकिरी कागदी पिशवीचं, कोपरे नीट दुमडून. दुसऱ्याचं पुस्तक परत करताना ते आपल्याकडे आलं होतं त्यापेक्षा चांगल्या अवस्थेत द्यावं, अशी आमच्या घरची रीत.

ते घेऊन मी समोर गेले. दार त्यांनीच उघडलं. कव्हर दिसताच त्यांचा चेहरा उतरला. रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहून त्यांनी माझं मनगट धरलं, आत ओढलं आणि खिडकीचे पडदे सोडले.

"कोणी पाहिलं का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मला वाटलं, पुस्तक ओळखीचं वाटलं की त्या भानावर येतील. म्हणून मी घाईघाईने कव्हर काढून नाव दाखवलं. त्या भिंतीला टेकल्या.

"हे माझं नाही. मी हे वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मुलगी वरून धावत आली आणि मला म्हणाली, आंटी, मम्मी आज कन्फ्यूज्ड आहे, उद्या या. पुस्तक माझ्याच हातात राहिलं.

त्यानंतर मी दिसले की त्या घरात जायच्या. मुलाने ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून दिलेल्या वाटेवर मी रोज उभी राहायचे, उगीचच.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना टोरोंटोच्या एका केअर होममध्ये ठेवलं. मुलगी मला एकदा गाडीतून घेऊन गेली. मी पुस्तक बरोबर नेलं होतं, कव्हराशिवाय. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. आता भीती नव्हती. पुस्तक हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, चांगलं आहे का? मी वाचावं का? मी हो म्हटलं. मग राहवलं नाही.

"तुमच्या भावाबद्दल तुम्ही मला सांगणार होतात."

त्या वर्गातलं चुकलेलं उत्तर दुरुस्त करावं तशा शांतपणे म्हणाल्या, "मला भाऊ नव्हता."

"मम्मी ओन्ली चाइल्ड आहे, आंटी," मुलगी हसून म्हणाली. "यू मस्ट बी थिंकिंग ऑफ समवन एल्स."

बाई घाबरून नाही म्हणाल्या की विसरून, मला कळलं नाही. मुलीला सांगावं असं वाटलं, पण सांगण्यासारखं माझ्याकडे होतं काय? एक मुलगा होता, त्याला घेऊन गेले, एवढंच. परतीच्या वाटेवर ती विंटर टायर्स अजून बदलले नाहीत असं काहीतरी बोलत होती आणि मी हं हं करत होते. तो होता, हे आता जगात बहुतेक मला एकटीलाच माहीत आहे. आणि त्याचं नाव मला माहीत नाही.