धवल्यातलं नाव

माझी आई धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून नवरी निघेपर्यंत जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. कोन गावापासून कर्नाळ्यापर्यंतच्या गावांतून आईला बोलावणं यायचं. अशाच एका हळदीला ती चालत निघाली होती. वाटेत, जिथे पूर्वी आमचंच भात पिकायचं तिथे उभ्या राहणाऱ्या टॉवरवरून लोखंडी पाइप सुटला आणि तिच्या डोक्यात बसला. खाली जाळी नव्हती, रस्ता अडवलेला नव्हता, हटकायला माणूस नव्हता. बिल्डरचं म्हणणं, बाईने वर बघून चालायचं.

आई वाचली. लोक म्हणाले, नशीब. कुणाचं ते कुणी सांगितलं नाही. ती गॅस चालू ठेवून निघून जायची, साडी नेसता नेसता मध्येच थांबायची, जेवून उठली की जेवायला मागायची. मला ओळखायची नाही. इस्पितळात तिच्या उशाशी मीच असायचे, म्हणून मी तिची नर्सबाय झाले ती कायमची. माझं ठरलेलं लग्न मोडलं. सोयऱ्यांना डोक्याने गेलेली विहीण नको होती. त्यांनी तसं तोंडावर सांगितलं, तेवढी तरी माणुसकी.

पनवेलच्या कोर्टात मी भरपाईचा दावा लावला. आईपाशी दिवसरात्र माणूस लागणार, औषधं लागणार, आणि तिला सांभाळताना माझी नोकरी गेलेली. दावा हरलो असतो तर आम्हा दोघींना खायचे वांधे होते.

माझा सख्खा काका त्याच बिल्डरला रेती-खडी पुरवतो. त्याला अहो-जाहो करणं मी सोडलंय. त्याच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा तो स्वतः गाडी घेऊन दारात आला. घरची धवलारीण असताना बाहेरची कशाला, म्हणाला. मला भरून आलं. आपलं माणूस शेवटी आपलंच, असं वाटलं मला. मूर्ख मी.

हळदीच्या मांडवात आई बसली आणि गायला लागली. काय गायली! एक ओळ चुकली नाही, आवाज कुठे अडला नाही. धवल्यात जागोजाग नवरीचं नाव घालतात. आईने तिथे माझं नाव घातलं. पुढच्या कडव्यातही माझंच. पूर्वी भाकऱ्या थापताना ती माझं नाव घालूनच धवले म्हणायची, पोरीच्या लग्नाची हौस म्हणून. मांडवात बायका पदरात तोंड लपवून हसल्या. नवरी फुरंगटली. मी मात्र रडत पुढे गेले, आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, आये, मी इथंच हाय. तिने हात सोडवून घेतले आणि नर्सबायकडे पाणी मागितलं.

काकाने हे सगळं मोबाइलवर घेतलं होतं. पुढच्या तारखेला ते कोर्टात लागलं. बिल्डरच्या वकिलाने जजसाहेबांना सांगितलं की जिला काही आठवत नाही म्हणतात ती बाई ही अशी तासभर तोंडपाठ गाते, हे सगळं पैशांसाठी नाटक आहे. काकाने पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगितलं, वहिनी ठणठणीत आहे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. त्या गाण्यात नाव कुणाचं आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. पण कोर्टात धवला कुणाला कळतोय, अशी त्याची खात्री होती. ते नाव नवरीचं नाही, माझं आहे, हे मी आमच्या वकिलाच्या कानात सांगितलं.

वकिलाने काकाला एवढंच विचारलं, तुमच्या मुलीचं नाव काय? काकाने सांगितलं. मग व्हिडिओ परत लावला, आणि हे दुसरं नाव कुणाचं, असं विचारलं. काका जमिनीकडे बघत म्हणाला, माझ्या पुतणीचं.

मग आईला पुढे खुर्ची दिली. वकिलाने मला आधीच बजावलं होतं, तुम्ही समोर उभ्या राहा, रडायचं नाही, खुणावायचं नाही. आईने मला ओळखलं असतं तर काकाचं म्हणणं खरं ठरलं असतं. हे मला चांगलं कळत होतं. तरी मनात मी सारखी म्हणत होते, आये, ओळख. एकदाच ओळख. मरू दे तो दावा.

वकिलाने विचारलं, "आजी, गाण्यात हे नाव तुम्ही कुणाचं घेता?"

आई विचारात पडली. ओठांतल्या ओठांत तिने ती ओळ म्हणून बघितली, माझ्या नावापाशी थांबली.

"मना नाय ठाव," ती म्हणाली. "असंल कोनाची तरी पोर."

मग तिची नजर माझ्यावर आली. परक्या घरच्या पाहुणीकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघून हसली.

"तू वलखतेस का तिला, बाय?"

कोर्टात सगळे माझ्याकडे बघत होते. आमचा वकील खूश होता, ते त्याला लपवता येत नव्हतं.

"नाय," मी म्हणाले.

दावा आम्ही जिंकलो.